वीकेंडची शहरवारी आणि एक मोठं जेवण: टेबल आधी की तिकीट आधी?

मुदपाक
दोन रात्रींची सहल, एखादं मोठं शहर आणि त्यात एक वेळ फाइन डाइनिंगसाठी राखलेली. याबद्दल सुटे सुटे प्रश्न सतत येतात, म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो: अशा सहलीत टेबल आधी, तिकीट नंतर. बहुतेक जण उलटं करतात. विमान, हॉटेल, बघायच्या जागा सगळं ठरतं आणि उरलेल्या फटीत जेवण बसवलं जातं. मग शुक्रवारी उतरल्या उतरल्या रात्री साडेनऊचं टेबल पदरात पडतं आणि दहा कोर्सपैकी (एकामागून एक येणाऱ्या छोट्या प्लेटांपैकी) सहाव्यालाच डोळे मिटायला लागतात. स्वयंपाकघराने कितीही जीव ओतला असला तरी तो थकलेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

बुकिंगबद्दल. मोठ्या रेस्टॉरंटांची टेबलं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला खुली होतात. कुठे ३० दिवस आधी, कुठे ६० किंवा ९०, तर कुठे पहिल्या तारखेला पुढचा अख्खा महिना एकदम खुला होतो. ही वेळ रेस्टॉरंटच्या शहराची असते, तुमच्या नाही. काही देशांत घड्याळं वर्षातून दोनदा तासाभराने सरकतात, तो फरक धरूनच गजर लावा. बुकिंगच्या साइटवर खातं आणि कार्डाची माहिती आदल्या दिवशीच भरून ठेवा. कारण बऱ्याच ठिकाणी निवडलेलं टेबल काही मिनिटंच राखून ठेवतात, आणि ती मिनिटं कार्डाचे आकडे शोधण्यात जातात.

टेबल मिळालं नाही तर लगेच आशा सोडू नका. रद्द करण्याची मुदत किती तासांची आहे ते पाहा, साधारण ४८ किंवा ७२ तास. ती उलटली की डिपॉझिट जातं, म्हणून ज्यांचं यायचं रद्द झालंय ते लोक मुदत संपायच्या आदल्या काही तासांत टेबल सोडतात. शनिवारी रात्री ८ चं जेवण आणि ४८ तासांची मुदत असेल तर गुरुवारी दुपारपासून रात्री ८ पर्यंत वेटलिस्टकडे लक्ष ठेवा. टेबलं सुटतात ती मुख्यतः याच वेळात.

आणखी एक. रविवार-सोमवार बंद ठेवणारी रेस्टॉरंटं खूप आहेत, कारण स्वयंपाकघरातल्या लोकांना सलग दोन दिवस सुट्टी तेव्हाच मिळते. म्हणजे वीकेंडला तुमच्या हातात खरे पर्याय तीन: शुक्रवार रात्र, शनिवार दुपार, शनिवार रात्र. यातलं कुठलं घ्यावं यावर इथे मतं वेगळी असतील, तीच हवी आहेत.

डावपळी
"टेबल आधी" याला पूर्ण अनुमोदन. तीन पर्यायांत मी शनिवार दुपारच्या बाजूने.

दुपारचा मेनू बहुधा ४ ते ६ कोर्सचा असतो आणि दीड-दोन तासांत आटोपतो. माल तोच, हात तेच, आणि किंमत सहसा रात्रीपेक्षा कमी. टेबलही तुलनेने सहज मिळतं. मोठा फायदा पुढचा: जेवण पचायला आख्खी संध्याकाळ मिळते, उठून शहरात चार किलोमीटर चालता येतं, आणि झोपेचं खोबरं होत नाही. सॉसचा, भाजलेल्या कडेचा, भाजीचा खरा रंग दिसतो तो दिवसाच्या उजेडात. रात्रीच्या पिवळ्या प्रकाशात अर्ध्या गोष्टी तपकिरीच दिसतात.

धोका एकच आहे. काही ठिकाणी दुपारचा मेनू हा मुख्य मेनूचा छोटा भाऊ असतो, काही ठिकाणी तो अगदीच वेगळा आणि सोपा. त्यामुळे बुक करताना टेस्टिंग मेनूबद्दल (शेफने ठरवलेली छोट्या कोर्सची पूर्ण मालिका) सरळ विचारा: "दुपारी पूर्ण टेस्टिंग मेनू मिळतो का, आणि त्यासाठी किती वाजेपर्यंत बसावं लागतं?" पूर्ण मेनू हवा असेल तर सगळ्यांत पहिली वेळ घ्या, १२ किंवा साडेबारा. दीडला बसलात तर लांब मेनू नाकारतील, आणि ते योग्यच आहे. दुपारची आवरासावर आणि रात्रीची मांडणी यांच्यामध्ये त्यांना जेमतेम दोन-तीन तास मिळतात.

पंगत
डावपळी, दुपारचे फायदे सगळे मान्य. तरी पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी शनिवार रात्रच सुचवेन. बऱ्याच ठिकाणी पूर्ण मेनू फक्त रात्री असतो, आणि रात्री स्वयंपाकघरातली सगळी माणसं आपापल्या जागी उभी असतात. शुक्रवार रात्र मात्र टाळाच. विमान किंवा गाडी एक तास उशिरा आली की पूर्ण बेत कोसळतो.

रात्रीचं गणित मांडून बघा. दोन कोर्समध्ये साधारण १५ ते १८ मिनिटं जातात. दहा कोर्स म्हणजे अडीच ते तीन तास. टेबल दोनदा भरणाऱ्या ठिकाणी वेळा साधारण ७ आणि साडेनऊ अशा असतात. सातचं टेबल घेतलंत आणि ते सव्वानऊला परत द्यायचं असेल तर गणित जुळतच नाही. एकतर मेनू छोटा आहे किंवा पदार्थ एकामागून एक ढकलले जाणार. म्हणून बुकिंगच्या आधीच विचारा: "टेबल परत किती वाजता द्यायचं?" साडेनऊला बसलात तर उठेपर्यंत साडेबारा वाजतील. शेवटची मेट्रो किंवा गाडी कितीची आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. माझ्या मते साडेसात ते आठ ही वेळ सर्वांत चांगली. खोली भरलेली असते, स्वयंपाकघराची लय बसलेली असते आणि तुम्ही जागे असता.

जागेबद्दलही बुकिंगमध्येच एक ओळ लिहा. स्वयंपाकघराच्या दाराजवळची, स्वच्छतागृहाच्या वाटेवरची आणि एसीच्या झोताखालची अशा तीन जागा टाळायच्या. झोताखालच्या टेबलावर गरम प्लेट किती लवकर निवते याकडे लोकांचं लक्ष जात नाही. दोघांसाठी समोरासमोर बसण्यापेक्षा कोपऱ्यावर काटकोनात बसणं उत्तम: दोघांनाही खोली दिसते, आवाज न चढवता बोलता येतं आणि एकमेकांच्या ताटातलं चाखता येतं.

नवखा_खवय्या
खूप उपयोगी चर्चा. एक मूलभूत प्रश्न: मिशेलिनचे तारे म्हणजे नेमकं काय? दोन तारे म्हणजे एका ताऱ्याच्या दुप्पट चांगलं असं समजायचं का? आणि तारा नसलेल्या जागेत जाऊच नये का?

मुदपाक
दुप्पट वगैरे नाही. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तीत टायर कसा बदलावा इथपासून माहिती होती. लोकांनी जास्त फिरावं म्हणजे टायर जास्त झिजतील हा हेतू. चांगल्या जेवणाला तारा द्यायला १९२६ मध्ये सुरुवात झाली, एक-दोन-तीन अशी उतरंड १९३१ मध्ये आली आणि तिचा अर्थ १९३६ मध्ये छापला गेला. अर्थ प्रवासाच्याच भाषेत आहे: एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगं. तुमची वीकेंडची सहल ही शेवटच्या प्रकारातली आहे, पण त्यासाठी तीन ताऱ्यांचीच जागा हवी असं मुळीच नाही.

तपासनीस ओळख न देता जातात आणि बिल भरतात. कसोट्या पाच: मालाचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ, पदार्थांत दिसणारं शेफचं व्यक्तिमत्त्व, आणि हे सगळं प्रत्येक वेळी व पूर्ण मेनूभर टिकणं. खोलीची सजावट, टेबलक्लॉथ, वाढणाऱ्यांची संख्या यांना ताऱ्यात जागा नाही. तारा रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही. म्हणून निवड करताना शेफ बदललाय का ते आधी बघा. मार्गदर्शिका वर्षाने येते, स्वयंपाकघर त्याच्या आधी बदलू शकतं.

शिवाय ही मार्गदर्शिका सगळ्या देशांत आणि सगळ्या शहरांत नाहीच. तिथे तारा नसणं म्हणजे काहीच कळलं नाही इतकंच. तारा नसलेली जागा निवडायची असेल तर मी तीन गोष्टी बघतो. मेनू ऋतूप्रमाणे बदलतो का? गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या फोटोंत तेच दहा पदार्थ जसेच्या तसे दिसत असतील तर तिथला हात स्थिरावलेला आहे, पण नवं काही शोधायला जाऊ नका. दुसरं, मेनूतली वर्णनं: मालाचं नाव, मग पद्धत, मग सोबत असं साधं लिहिणाऱ्या जागा माझ्या अनुभवात जास्त भरवशाच्या. तिसरं, एका वेळी किती माणसं बसतात. दहा-बारा कोर्सच्या मेनूला ३० ते ४० खुर्च्या झेपतात. शंभर खुर्च्या आणि लांब मेनू असेल तर बरंचसं आधी करून ठेवलेलं असणार.

आणि कृपया एका वीकेंडला दोन टेस्टिंग मेनू घेऊ नका. दुसरा आठवतच नाही.

सारस्वाद
जिभेच्या तयारीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रेस्टॉरंट निवडायला लोक तीन आठवडे घेतात आणि जेवणाच्या आधीच्या सहा तासांकडे बघतच नाहीत. चव बिघडते ती तिथे.

विमानप्रवास: केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. नाकाची आतली बाजू कोरडी पडते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो, त्यामुळे कोरड्या नाकाने पदार्थ सपाट लागतो. उतरल्यावर पाणी पीत राहा आणि मध्ये एक रात्र जाऊ द्या. शुक्रवार रात्र टाळण्याचं हे आणखी एक कारण.

टूथपेस्ट: बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक असतो. तो गोडाची जाणीव दाबतो आणि कडू वाढवतो. पेस्टनंतर संत्र्याचा रस कडवट लागतो तो यामुळेच. परिणाम अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो. निघण्यापूर्वी दात घासायचेच असतील तर तासभर आधी, किंवा नुसत्या पाण्याने आणि ब्रशने.

तिखट: मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं आणि नंतर बधिर करतं. दुपारी झणझणीत खाल्लं तर रात्रीच्या नाजूक रश्शातलं अर्धं हरवतं. पुदिन्याच्या गोळ्या आणि च्युइंगम तसंच काम थंड बाजूने करतात. कडक कॉफी दुपारी तीनपूर्वी संपवा.

अत्तर: लावूच नका. तुमच्या टेबलाचंच नाही, शेजारच्या टेबलाचंही जेवण त्याखाली दबतं.

आता पोट. दहा कोर्स सरासरी ५० ते ७० ग्रॅमचे धरले तर अर्धा ते पाऊण किलो होतात. त्यावर ब्रेड, लोणी, पाणी, पेयं. म्हणजे पोट भरत नाही ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. आठव्या कोर्सपर्यंत जागाच उरत नाही ही खरी अडचण. आठचं जेवण असेल तर दुपारचं एक-दीडला, हलकं, तेलकट नसलेलं. त्यानंतर एखादं फळ. अगदी उपाशी जाणं सर्वांत वाईट, कारण मग हात ब्रेडवर जातो. तिथला ब्रेड बहुधा अप्रतिम असतो आणि लोणी त्याहून. दोघांत मिळून दोन तुकडे, तेही एकदम न संपवता, रसाळ सॉस असलेल्या कोर्ससाठी एक राखून ठेवायचा.

शनिवारी दिवसभर शहर पालथं घालू नका. पाच वाजता हॉटेलवर परत, तासभर आडवं होणं, मग आंघोळ. याला मी जेवणाचाच भाग मानते.

नवखा_खवय्या
सारस्वाद ताई, टूथपेस्टचं माहीतच नव्हतं. खूप आभार. आमच्यातले दोघे शाकाहारी आहेत आणि एकाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. जागेवर गेल्यावर सांगितलं तर चालतं का?

पथ्यपाणी
नाही चालत. टेस्टिंग मेनूची तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू होते. रस्सा आटवायला एक-दोन दिवस, मुरवलेल्या गोष्टींना आठवडेही लागतात. शेंगदाण्याचं तेल एखाद्या आधारभूत सॉसमध्ये असेल तर आयत्या वेळी ते बाहेर काढता येत नाही. तो सॉस वगळून प्लेट येते, म्हणजे अर्धी प्लेट येते. बुकिंग करताना एकदा, आणि तीन दिवस आधी पुन्हा एकदा लेखी कळवा.

"शाकाहारी" हा एक शब्द पुरेसा नाही, कारण जगभर त्याचा अर्थ सारखा नाही. कुठे मासे त्यात बसतात, कुठे चिकनचा रस्सा. घटक लिहा. नमुना देतो, तुमच्या भाषेत किंवा तिथल्या भाषेत करून पाठवा:

"शनिवार, रात्री ८, चार जणांचं टेबल. दोन जण मांस, मासे, कवचधारी जलचर, मांसाचा किंवा माशाचा रस्सा, जिलेटिन आणि प्राण्यांची चरबी खात नाहीत. दूध, लोणी, मध चालतं. अंडं चालतं (किंवा चालत नाही). एका व्यक्तीला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी आहे, अंशमात्रही चालणार नाही. पूर्ण मेनू या अटींत करता येईल का? येत नसेल तर कृपया कळवा, आम्ही तारीख बदलू."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यांना नाही म्हणायची मोकळीक मिळते, आणि "बघू, करू काहीतरी" या उत्तरापेक्षा स्पष्ट नकार तुमच्या फायद्याचा.

शाकाहारात हमखास निसटणाऱ्या जागा: जेली आणि मूस (फेसाळ गोड पदार्थ) यांतलं प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं जिलेटिन, चीजसाठी दूध गोठवणारं रेनेट (पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच बनतं), जपानी पद्धतीच्या दाशी रश्श्यातला सुकवलेला मासा, ड्रेसिंगमधली अँचोवी (खारवलेली छोटी मासळी), भाज्या परतायला वापरलेली बदकाची चरबी. काही वाइन स्वच्छ करायला माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात, तेही पाळत असाल तर पेअरिंगआधी (कोर्सगणिक जुळणारी वेगळी वाइन देतात त्याआधी) सांगा.

अॅलर्जी आणि नावड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, हे कळकळीने सांगतो. अॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळं भांडं निघतं. कोथिंबीर आवडत नाही म्हणून अॅलर्जी सांगितली तर ही सगळी मेहनत फुकट जाते. नावड म्हणूनच लिहा, चांगली जागा तीही पाळते.

युरोपीय संघात १४ अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं २०१४ च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे: ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी, अंडी, मासे, शेंगदाणे, सोया, दूध, काजू-बदामासारखा कठीण कवचाचा सुकामेवा, सेलरी, मोहरी, तीळ, सल्फाइट, ल्युपिन (एक कडधान्य) आणि शिंपल्यांसारखे मृदुकाय. तुमचा त्रास या यादीबाहेरचा असेल, उदाहरणार्थ एखादं फळ किंवा लसूण, तर तो आपोआप तपासला जाणार नाही. तो स्वतःहून लिहावाच लागतो.

तळघर
वाइन पेअरिंगवर थोडं. पेअरिंग घ्यावी का हे ठरवण्याआधी बेरीज करा. प्रत्येक ग्लासात साधारण ६० ते ९० मिली असतं. ७५ मिलीचे आठ ग्लास म्हणजे ६०० मिली, बाटली ७५० मिलीची. म्हणजे एकट्याने चार-पंचमांश बाटली. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये हे साधारण ६२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, आणि शरीर ते तासाला ७ ते १० ग्रॅमच्या गतीने निपटतं. रात्री ८ ला सुरू केलं तर पहाटे २ ते ५ पर्यंत ते अंगात राहणार. रविवारी भल्या सकाळी गाडी चालवायची असेल तर हे ध्यानात घ्या.

यावर तीन उपाय आहेत. अर्ध्या मापाची पेअरिंग मागा, मेनूवर छापलेली नसली तरी बहुतेक ठिकाणी देतात. किंवा दोघांत एकच पेअरिंग घेऊन वाटून प्यायला एक रिकामा ग्लास मागा. किंवा दोन-तीनच ग्लास घ्या: एक सुरुवातीला, एक मुख्य कोर्सला, हवं तर एक गोडाला. सॉमलिएला (वाइन निवडून देणाऱ्या जाणकाराला) थेट सांगायचं, "तीन ग्लास घेणार आहे, कुठल्या कोर्सवर वाइनने सर्वांत फरक पडेल?" कुठल्याही सॉमलिएला हा प्रश्न आवडतो, कारण तिथे त्याचं खरं काम सुरू होतं. खर्चाची मर्यादा सांगायला संकोच नको; वाइनच्या यादीतल्या एका आकड्यावर बोट ठेवून "या आसपास" म्हटलं की पुरतं.

बाटली घेतलीत तर आधी घोटभर ओततात. हे आवडली का विचारायला नसतं, बिघडलीय का हे तपासायला असतं. मुख्य दोष कॉर्कचा: ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं रसायन, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो आणि फळाचा वास नाहीसा होतो. शंका आली तर "जरा तुम्हीही बघता का" एवढं म्हणा. बिघडलेली असेल तर विनातक्रार बदलतात.

तापमान: फसफसणारी ६ ते १० अंश, पांढरी ८ ते १२, लाल १४ ते १८. पांढरी फारच गार आली असेल तर ग्लासचं पोट दोन मिनिटं तळहातांत धरा, वास उघडेल.

दारू न घेणाऱ्यांसाठीची पेअरिंग हल्ली फार विचारपूर्वक करतात: चहा, आंबवलेली पेयं, रस, काढे. तिची एक अडचण आहे. रसांवर भर असेल तर साखर आणि आंबटपणा साठत जातो आणि सातव्या ग्लासला पोट तुडुंब होतं. आधी विचारून घ्या, चहा आणि आंबवलेली पेयं जास्त असतील तर नक्की घ्या.

पंगत
तळघर, "तीन ग्लास" हा सल्ला सोन्यासारखा आहे.

आता टेबलावर बसल्यानंतरचं. उशीर होणार असेल तर फोन करा, १५ मिनिटं बहुतेक ठिकाणी धरून ठेवतात. पण जिथे काउंटरभोवती सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते तिथे उशिरा येणाऱ्याचे कोर्स गेले ते गेलेच.

बसल्याबरोबर, पहिला घास यायच्या आत, घाई असेल तर सांगा. "पावणेअकराला निघायचंय" हे सुरुवातीला कळलं तर स्वयंपाकघर पूर्ण मेनू त्यात बसवतं. दहाला सांगितलंत तर शेवटचे तीन कोर्स एकदम येतील.

उठायचं असेल तर प्लेटा उचलल्यावर लगेच उठा, नवे काटे-चमचे मांडल्यावर नको. काटे-चमचे मांडले याचा अर्थ आत पुढचा कोर्स सुरू झाला. चार जणांच्या टेबलावर एकाची खुर्ची रिकामी दिसली की चारही प्लेटा थांबतात, आणि मासा असेल तर त्या पुन्हा नव्याने कराव्या लागतात. संपूर्ण टेबलाने एकच मेनू घ्यावा असा आग्रह धरतात त्यामागेही हेच आहे: चार प्लेटा एकाच क्षणी बाहेर पडायला हव्यात.

काटे-चमचे बाहेरून आत वापरायचे, आणि चुकलं तरी काही बिघडत नाही, नवे आणून ठेवतात. काही कळलं नाही तर विचारा. पदार्थाची माहिती सांगणारा जर घाईत बोलून गेला तर "परत सांगता का" म्हणण्यात कमीपणा नाही.

डावपळी
फोटोंबद्दल मला मनापासून सांगायचंय. प्लेट टेबलावर आली की तिची घटका सुरू होते. लेसिथिनने (फेस धरून ठेवणाऱ्या घटकाने) केलेला फेस काही मिनिटांत बसतो. लोण्याचा सॉस साधारण ६० अंशांच्या वर फुटतो आणि निवला की घट्ट होतो, म्हणून तो नेमक्या उष्णतेवर प्लेटमध्ये येतो. कुरकुरीत पापुद्रा ओल्या गोष्टीवर ठेवलेला असतो तो वाफेने लगेच मऊ पडतो. सॉर्बेचं (फळांच्या रसाच्या बर्फाळ गोडाचं) सांगायलाच नको. फोटो काढायचा तर एक, फ्लॅशशिवाय, पडद्याचा उजेड कमी करून, दहा सेकंदांत. त्यानंतर पहिला घास सगळ्या थरांतून खालपर्यंत घ्या. वरवरचं आधी, तळाचं नंतर असं खाल्लं तर जो मेळ साधलाय तो तोंडात जुळतच नाही.

जेवण लक्षात ठेवायचं असेल तर छापील मेनू मागून घ्या. बहुतेक ठिकाणी शेवटी तो देतात. हॉटेलवर गेल्या गेल्या प्रत्येक कोर्ससमोर दोन शब्द लिहा. सकाळपर्यंत अर्धे कोर्स एकमेकांत मिसळलेले असतात.

नवखा_खवय्या
बिलाचं काय? कुठे धक्का बसू शकतो?

पंगत
चार जागी. पाणी: बाटलीचं की नळाचं ते विचारतात, बाटलीचं म्हणालात तर ते भरत राहतात. जास्तीचे कोर्स: ट्रफल (जमिनीखालची महागडी बुरशी), कॅव्हियार (माशाची खारवलेली अंडी), चीजची गाडी हे "घेणार का?" म्हणून आलं की "मेनूच्या किमतीत आहे का?" असं शांतपणे विचारा. सुरुवातीचं पेय: शॅम्पेनची गाडी किंमत न सांगता टेबलापाशी येते, यादी मागा. आणि सेवाशुल्क: बिलात धरलंय की नाही ते शहरागणिक वेगळं असतं. बिलाच्या तळाशी बघा, कळलं नाही तर विचारा. डिपॉझिट भरलं असेल तर ते वजा झालंय का हेही तपासा. कॉफीसोबत येणारे छोटे गोड घास मात्र मेनूचाच भाग असतात. पोटात जागा नसेल तर बांधून मागा, सुकी बिस्किटं, चॉकलेटं आनंदाने देतात.

मुदपाक
छान भर पडली. वाढदिवस वगैरे असेल तर तेही बुकिंगमध्येच लिहा, पण फक्त खरा असेल तर.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी: काउंटरवरची जागा मागा. एकट्याला ती लवकर मिळते, काम समोर दिसतं आणि सांगणारा शेफच असतो. रविवारी हॉटेल सोडून दुपारच्या जेवणाला जाणार असाल (रविवारी उघडी असलेली जागा सापडली तर) तर सामान ठेवायला जागा आहे का ते आधी विचारा. मोठी सूटकेस टेबलांच्या मधल्या वाटेत ठेवू देत नाहीत. कपड्यांच्या बाबतीत सँडल, अर्धी विजार आणि पाठीवरची सॅक एवढं टाळलं की बहुतेक ठिकाणी पुरतं. कोट लागणाऱ्या जागा तसं वेबसाइटवर लिहितात.

नवखा_खवय्या
आमचं असं ठरतंय: शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवारी रात्री आठचं टेबल, रविवारी दुपारी परत. घटकांची ईमेल पथ्यपाणींच्या नमुन्याप्रमाणे लिहिली आहे. रविवारी सकाळी काय करावं?

सारस्वाद
उशिराच्या चेक-आउटबद्दल शनिवारी सकाळीच विचारून ठेवा. रात्री झोपण्याआधी अर्धा लिटर पाणी. रविवारी न्याहारी हॉटेलची नको, तिचे पैसे आधी भरू नका. दहा-अकराला बाहेर पडून एखाद्या बाजारात फिरा, साधा ब्रेड, फळं, कॉफी. शनिवारी ताटात जो माल आला होता त्यातला कच्चा माल बाजारात तसाच दिसतो, विक्रेत्याला विचारून एखादं फळ किंवा चीजचा तुकडा चाखा. मेनूचा कागद सोबत न्या.